ऑकरॉइडची निळी

क्लिफर्ड ऑकरॉइडच्या घरामागे डोंगर आहे, आणि तो असा काही अंगावर आलेला आहे की हिवाळाभर परसात उन्हाचा कवडसाही पडत नाही. हॅग्डन या गिरणीच्या गावातल्या त्या ओळीतली सगळी घरं तशीच. शेजाऱ्यांनी आपापल्या परसात फरश्या टाकल्या, मोटारसायकली ठेवल्या, आणि सावलीच्या नावाने बोटं मोडली. क्लिफर्डने मात्र त्या सावलीतच संसार थाटला. बायकोबरोबरचा नव्हे, तो घरात होता. हा दुसरा, प्रिम्युलांचा.

बोटभर उंचीची झाडं ती. त्यांचं माहेर बर्फाच्या डोंगरांतलं, उंचावरच्या कपारींतलं. थंडीचं त्यांना काही वाटत नाही, पण उन्हाचा चटका लागला की माना टाकतात, आणि मुळाशी पाणी साचलं की आठवड्यात कुजतात. म्हणजे सासुरवाशिणीपेक्षा नाजूक आणि सासूपेक्षा हट्टी. क्लिफर्डने उत्तरेकडे तोंड करून एक दगडी भिंत रचली होती, चुन्याशिवाय, दगडावर दगड. तिच्या सांध्यासांध्यांत ही झाडं वाढत. पानांच्या कडेला पीठ भुरभुरल्यासारखी पांढरी किनार, आणि मार्च आला की त्या ओल्या काळ्या दगडांवर जांभळी, गुलाबी, निळी फुलं. आयुष्यभर गिरणीच्या मागखात्यात जॉबर, म्हणजे माग चालते ठेवणारा मुकादम, होता तो. गिरणी बंद पडली तेव्हा इतर जॉबर पबमध्ये जाऊन बसले, हा भिंतीपुढे स्टूल टाकून बसला.

त्या भिंतीत एका वर्षी एक रोप आपोआप उगवलं. कुठल्या दोन झाडांचं बी, देव जाणे. फुललं तेव्हा रंग धुरकट निळा, गिरणीच्या चिमणीतून पहाटे धूर निघायचा तसा, आणि मधोमध पांढरा स्वच्छ डोळा. हॅग्डनच्या अल्पाइन मंडळात, म्हणजे डोंगरी झाडांच्या हौशी लोकांत, त्याने त्याचा फुटवा कुंडीत लावून नेला आणि सगळे बघतच राहिले. तेव्हापासून त्याला 'ऑकरॉइडची निळी' म्हणायचे. कुणाच्या नावाने रस्ता असतो, कुणाच्या नावाने पूल असतो. क्लिफर्डच्या नावाने एक बोटभर झाड होतं आणि त्याला तेवढं पुरत होतं.

मंडळात एक म्हण आहे, नव्या माणसाला पहिल्याच दिवशी ऐकवतात: झाड राखायचं असेल तर वाटून टाका. तुमचं मेलं तर दुसऱ्याकडे राहतं, आणि त्याच्याकडून फुटवा परत मागून आणता येतो. क्लिफर्ड ही म्हण सर्वांत मोठ्याने म्हणायचा आणि निळीच्या बाबतीत सर्वांत कमी पाळायचा. मागायची रीत नव्हती. लोक नुसतं सुचवायचे.

"यंदा काय सुरेख पसरलीय रे निळी, क्लिफ."

"हो ना. पुढच्या वर्षी एखाददुसरा फुटवा निघेल बघ."

ते पुढचं वर्ष काही उजाडत नव्हतं.

एरवी तो कंजूष नव्हता, हे सांगायलाच हवं. एप्रिलच्या सभेत अदलाबदलीचं टेबल मांडायचे, त्यावर सगळ्यांत मोठं ताट क्लिफर्डचं असायचं. साध्या प्रिम्युलांच्या भरगच्च कुंड्या, एकेक घासूनपुसून आणलेली, आणि सगळ्या त्याच्या स्वतःच्या मिश्रणात लावलेल्या. मिश्रणाचा त्याला भारी गर्व. जुन्या गिरणीमालकाच्या बंगल्यामागे ऱ्होडोडेंड्रॉनची रान माजलेली झुडपं होती. त्यांच्या बुडाशी वर्षानुवर्षं कुजलेला पाला तो पोत्यातून वाहून आणायचा. कुठून आणतो ते कुणाला सांगायचा नाही. "खत चांगलं असलं की झाड बोलतं," एवढंच म्हणायचा. मंडळातली निम्मी झाडं त्याच्या ताटातून गेलेली होती, म्हणजे निम्म्या हॅग्डनच्या कुंड्यांत त्याचा पाला होता.

नोरा टास्कर मंडळात आली ती एका फेब्रुवारीत. नवरा वारलेला, मुलगी हॅग्डनला दिलेली, म्हणून हल शहरातून इथे राहायला आलेली. जन्मभर शाळेच्या जेवणघरात पोरांना वाढलेलं, त्यामुळे आवाज खणखणीत आणि आडपडदा नाही. झाडांतलं तिला फारसं कळत नव्हतं. बाजारातल्या मोठ्या रोपवाटिकेतून चारदोन प्रिम्युला आणून मोरीजवळ खिडकीखालच्या ओट्यावर ठेवल्या होत्या, हे तिने स्वतःच सांगितलं. मार्चच्या सभेत तिने निळी पाहिली, वाकून पाहिली, आणि सरळ मान वर करून क्लिफर्डला म्हणाली, "किती गोड आहे हो! मला एक फुटवा द्याल?"

सगळ्या सभागृहात चहाचे कप हवेत थांबले. इतक्या वर्षांत हे वाक्य कुणी उच्चारलं नव्हतं. क्लिफर्डला नकार देण्याची सवयच नव्हती, कारण त्याच्याकडे कुणी मागितलंच नव्हतं. "देईन की," तो म्हणाला, आणि एप्रिलमध्ये खरोखरच त्याने एक फुटवा काढून दिला. मंडळाचा अध्यक्ष पर्सी हॅल्स्टेड हसत म्हणाला, "आम्ही साले बारा वर्षं घुटमळलो आणि हिने एका वाक्यात काम केलं." सगळे हसले. क्लिफर्डही हसला, पण घरी येईपर्यंत त्याचं हसू आंबून गेलं होतं.

"दिलीस ना? मग आता कुढू नकोस," म्युरियल म्हणाली. म्युरियल त्याची बायको. तिला प्रिम्युलांत गम्य नव्हतं पण नवऱ्यात होतं.

"कुढतोय कोण?"

"तू. ब्रेडला लोणी लावता लावता भोक पाडलंस."

उन्हाळा सरला. सप्टेंबरच्या सभेत कुरकूर ऐकू यायला लागली. कुणाची कुंडी अचानक मलूल झाली, कुणाचं झाड हिरवंगार दिसतादिसता आडवं पडलं. सोंडकिड्याचं नाव हळूच निघालं. हा किडा रात्री पानांच्या कडा कुरतडतो, ते एक वेळ परवडतं. पण त्याची अळी मातीत राहून मुळं खाते. पांढरी, वाकडी, तपकिरी डोक्याची. आपल्याकडे हुमणी म्हणतात तिचीच धाकटी बहीण. वरून झाड हसत असतं आणि खाली त्याला पाय उरलेले नसतात. प्रिम्युलावाल्यांसमोर या किड्याचं नाव काढणं म्हणजे लग्नघरात देवीच्या साथीचं नाव काढणं.

आणि नेमकी तेव्हाच नोरा टास्कर साध्या प्रिम्युलाची एक कुंडी घेऊन पुढे आली. हिरवा कोट, हातात कुंडी, चेहऱ्यावर काही वाईट घडेल असा संशयही नाही. "मिस्टर ऑकरॉइड, जरा बघता का? पानं कोण खातंय हिची?"

पानांच्या कडा अर्ध्या चंद्रासारख्या कातरलेल्या होत्या. शंकाच नको. क्लिफर्डने कुंडी हातात घेतली आणि उंच धरली, सगळ्यांना दिसेल अशी. खरं तर कुंडी खाली ठेवून कानात सांगता आलं असतं. पण पंचवीस माणसं बघत होती, आणि एप्रिलमध्ये दिलेला तो फुटवा अजून त्याच्या मनातून गेला नव्हता.

"बघा," तो म्हणाला. "ही अशी येते कीड मंडळात. बाजारातून वाट्टेल ती रोपं उचलून आणायची, ना मूळ बघायचं ना माती. झाडं पाळणं म्हणजे बशीत बिस्किटं मांडणं नाही, बाई. ही कुंडी आधी बाहेर न्या. घरी जा, आणि असेल नसेल त्या प्रत्येक कुंडीत उकळतं पाणी ओता. प्रत्येक. शोधत बसू नका, एक अळी सुटली तर सगळं गेलं. आणि इथे परत काही आणू नका."

टेबलाशी उभ्या असलेल्यांनी आपापल्या कुंड्या चटकन मागे ओढल्या. टेबलावर कुंड्या घासल्याचा आवाज झाला. नोराने तोंड उघडलं, क्लिफर्डकडे पाहिलं, मग त्याच्या भोवतीच्या माणसांकडे, आणि तोंड मिटलं. कुंडी कोटाखाली धरून ती निघून गेली. ऑक्टोबरच्या सभेला ती आली नाही. कुणी विचारलंही नाही. "जरा कडक बोललास, पण बोलायला हवंच होतं," पर्सी म्हणाला, आणि क्लिफर्डने जड कर्तव्य पार पाडणाऱ्या माणसासारखी मान हलवली.

ऑक्टोबर संपता संपता तो आपल्या परसात एक जुनी कुंडी साफ करत होता. पिवळं पान काढायला म्हणून त्याने झाड चिमटीत धरलं, आणि झाडच हातात आलं. बरणीचं झाकण उचलावं तसं. खाली मूळ म्हणून नव्हतं. मातीत बोट घातलं तर सहासात पांढऱ्या अळ्या, गुंडाळी करून निवांत झोपलेल्या. त्याने दुसरी कुंडी उलटली. तिसरी उलटली. मग तो शेडमध्ये गेला आणि पाल्याचं पोतं फरशीवर ओतलं.

पोत्यातच होत्या. त्याच्या लाडक्या, कुणाला न सांगितलेल्या पाल्यात. त्या झुडपांच्या मुळाशी सोंडकिडा पिढ्यान्‌पिढ्या नांदत होता, यंदा माजला एवढंच; आणि क्लिफर्ड वर्षानुवर्षं तो पोत्यात भरून, कुंड्यांत घालून, ताटात मांडून गावभर वाटत होता. वर छाती फुगवून.

म्युरियल दारात येऊन उभी राहिली. फरशीवरचं तिने पाहिलं आणि नवऱ्याचं तोंडही. जॉबरची बायको होती ती. यंत्र कुठे बिघडलंय ते आवाजावरून ओळखायची.

"म्हणजे चोराच्या उलट्या बोंबा," ती म्हणाली.

"मला कुठे माहीत होतं?"

"माहीत नव्हतं म्हणून तर गप्प बसायचं असतं, क्लिफ. जा, कोट घाल. जा तिच्याकडे."

"आत्ता?"

"मग काय नाताळला? टोपी घाल, वर वारा आहे."

तो गेला नाही. आधी सगळ्या कुंड्या तपासू दे, म्हणाला. मग म्हणाला, सभेतच सगळ्यांसमोर सांगतो, एकदाच काय ते. नोव्हेंबरच्या सभेत पर्सीने त्यालाच किड्यांवर चार शब्द बोलायला उभं केलं. क्लिफर्ड उभा राहिला, "स्वच्छता महत्त्वाची" असं काहीतरी पुटपुटला, आणि बसला. मंडळात लोकांची झाडं मरत होती, ती कशाने मरतायत हे एकट्या त्याला ठाऊक होतं, आणि तरी तोंडातून शब्द फुटत नव्हता. स्वतःची शरम वाटायची, आणि शरम वाटली की माणूस शहाणा होतो म्हणतात, ते काही खरं नाही. तो फक्त दुसऱ्या गल्लीतून जायला लागतो. नोराचं घर चॅपलच्या वरच्या अंगाला होतं; क्लिफर्डने पाव आणायला खालचं दुकान धरलं.

"तुझ्या तोंडाला कुलूप लागलंय," म्युरियल म्हणायची. "त्या दिवशी मात्र दार सताड उघडं होतं."

हिवाळ्यात त्याने स्वतःसाठी लावून ठेवलेल्या निळीच्या कुंड्या गेल्या. अळ्या वेचल्या, मुळं धुतली, नव्या वाळूत लावली. काही उपयोग झाला नाही, उशीर झाला होता. भिंतीतली मूळ निळी तेवढी राहिली. तिला काही होणार नाही असं तो स्वतःला सांगत राहिला. पण सांधे लिंपायलाही त्याने तोच पाला वापरला होता. फेब्रुवारीत एका सकाळी त्याने तिला नुसतं बोट लावलं आणि ती भिंतीवरून सुटून त्याच्या बुटावर पडली.

तो किती तरी वेळ तिथेच उभा होता. मग त्याच्या मनात जे आलं, त्याचीच त्याला पुढे सगळ्यांत जास्त लाज वाटली. नोरा टास्कर त्याच्या मनात आली ती हिरव्या कोटातली, मान खाली घालून जाणारी नव्हे. मनात आलं ते एवढंच: तिच्याकडे एक फुटवा आहे.

आता जायचं तर कसं? ऑक्टोबरात गेला असता तर नुसता चुकलेला माणूस म्हणून गेला असता. आता माफी मागायला जावं तर झाडासाठी आलाय असं दिसणार. आणि झाड मागायला जावं तर माफीशिवाय तोंड कसं दाखवायचं? बरं, आपण नक्की कशासाठी जातोय, हे त्याचं त्यालाही धड सांगता येईना. चारपाच वेळा तो चॅपलपर्यंत जाऊन परतला. शेवटी एका दुपारी दार वाजवलं.

नोराने दार उघडलं, क्षणभर पाहिलं, आणि म्हणाली, "या. पाय पुसा."

स्वयंपाकघरात तिने त्याला खुर्ची दिली, चहा केला. खिडकीखालच्या ओट्यावर एकही कुंडी नव्हती. त्याच्यावर टोमॅटो सॉसच्या दोन बाटल्या आणि रेडिओ. क्लिफर्डने टोपी काढून मांडीवर ठेवली.

"मिसेस टास्कर, सप्टेंबरात मी जे बोललो ते चूक होतं. कीड तुमची नव्हती. माझी होती. माझ्या पाल्यातून आली."

"माहीत आहे मला."

"माहीत आहे?"

"ती कुंडी तुमच्याच ताटातली होती, मिस्टर ऑकरॉइड. एप्रिलात घेतलेली. खाली तुमचं नावही होतं चिकटवलेलं."

क्लिफर्डने कप खाली ठेवला. "मग तिथेच का नाही बोललात?"

"बोलणार होते. तोंड उघडलंही होतं." तिने कपात साखर घातली आणि ढवळत राहिली. "पण सगळे कसे तुमच्याकडे बघत होते. म्हटलं, वयस्कर माणूस, सगळी मिळकत काय ती हीच. चारचौघांत कशाला त्याचं तोंड पाडायचं."

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिच्या जागी तो असता तर त्याने ती कुंडी उलटी करून नाव सगळ्यांना वाचून दाखवलं असतं. दाखवलं असतंच, तो स्वतःला ओळखत होता.

"खिशात काय आहे?" नोराने विचारलं.

कोटाचा खिसा फुगला होता. लपवण्यात अर्थ नव्हता. त्याने एक छोटी मातीची कुंडी काढून टेबलावर ठेवली. बुडाशी खडे घालून, वर वाळू भरून, अगदी तयार करून आणलेली. घरून निघताना खिशात टाकली तेव्हा त्याने स्वतःशी म्हटलं होतं, असू दे, बरोबर असलेली बरी.

"निळी हवीय होय," नोरा म्हणाली.

"नाही, म्हणजे, मी माफी मागायलाच..."

"एका फेरीत दोन कामं. त्यात काय एवढं. माझा नवराही चर्चला जाताजाता सिगरेटी आणायचा." ती हसली नाही. "तुमच्याकडची गेली का?"

"सगळी. भिंतीतलीसुद्धा."

"अरेरे." आणि ते तिने मनापासून म्हटलं, हे त्याला स्पष्ट ऐकू आलं. "माझ्याकडेही नाही हो. तुम्ही सांगितलं होतंत ना, उकळतं पाणी. त्याच संध्याकाळी किटलीवर किटली ठेवली. निळीला शेवटी ओतलं. दोनदा हात मागे घेतला. पण तुम्ही म्हणाला होतात, प्रत्येक."

"तिच्यात अळ्या होत्या?"

"एकही नाही. नंतर वर्तमानपत्रावर उलटून पाहिली मी. पांढरीशुभ्र मुळं, भरपूर. ती एक तुमच्या ताटातली सोडली तर कशातच काही नव्हतं."

"मग आधी का नाही पाहिलंत!"

शब्द तोंडातून गेले आणि मग त्याला ऐकू आले. त्याच स्वरात, सप्टेंबरातल्या. माफी मागायला आलेला माणूस, तिच्या टेबलाशी बसून, तिचा चहा पीत, तिलाच दटावत होता.

नोराने चमचा बशीत ठेवला. "कारण तुम्ही म्हणाला होतात, शोधत बसू नका."

क्लिफर्डने टोपीची कड बोटांनी चाचपली. मग तो हळूच म्हणाला, "माफ करा मला, मिसेस टास्कर."

"हे बघा," ती म्हणाली, "रागबिग आता नाही माझा. पण माफी इथे घेऊन मी काय करू? इथे तुम्ही मला काही बोललाच नव्हतात. ह्या स्वयंपाकघरात माझी अब्रू काही गेलेली नाही. मुलगी परवा विचारत होती, आई, तू मंडळात कीड नेलीस म्हणे? तिला कुणी सांगितलं, तर केस कापणारीने. आता केस कापणारीला मी काय सांगू?" ती उठली आणि त्याचा कप उचलला. "कुंडी घेऊन जा आठवणीने."

मार्चची सभा चॅपलच्या सभागृहात नेहमीसारखी भरली. म्युरियल कधी यायची नाही, त्या दिवशी आली, आणि पर्स मांडीवर घेऊन मागच्या रांगेत बसली. पर्सीने मागच्या सभेचा वृत्तांत वाचला, आणि क्लिफर्ड उभा राहिला. पाला कुठून आणायचा ते सांगितलं. अळ्या त्यात होत्या हे सांगितलं. आपल्या ताटातून गेलेली प्रत्येक कुंडी तपासा, सांगितलं. ऑक्टोबरापासून माहीत असून गप्प बसलो, हेही सांगितलं. "सप्टेंबरात मी एका सभासदाला नाहक दोष दिला," तो म्हणाला. "तेही चुकलंच माझं. आणि निळी गेली. सगळीकडची."

निळीचं नाव निघालं तशी सभागृहातून एक कळवळ्याची लाट गेली. "निळी? अरे देवा!" कुणी तरी म्हणालं. मग पर्सी उठून उभा राहिला. डोळे पुसले त्याने खरोखर.

"इतकी वर्षं ओळखतो मी ह्याला," तो म्हणाला. "असं उभं राहून सांगायला छातीच लागते. याला म्हणतात माणूस!" आणि त्याने टाळी वाजवली.

सगळ्यांनी वाजवल्या. क्लिफर्डच्या पाठीवर थापा पडल्या. एका बाईने त्याचा हात दोन्ही हातांत धरला. आपल्याकडची उत्तम मार्जिनाटा जातीची प्रिम्युला एकाने कबूल केली, दुसऱ्याने आणखी दोन. पुढच्या सभेला क्लिफसाठी प्रत्येकाने एकेक झाड आणायचं असं जवळजवळ ठरूनच गेलं. तो खाली बसला तेव्हा त्याचा चेहरा तापला होता, छातीवरचा धोंडा उतरला होता, आणि खोटं कशाला बोला, त्याला बरं वाटत होतं. लाज वाटायला आलेला माणूस सत्कार घेऊन बसला होता.

म्युरियल मागून उठून त्याच्या शेजारच्या खुर्चीत येऊन बसली. तिने टाळी वाजवली नव्हती.

"तिचं नाव नाही घेतलंस," ती कुजबुजली.

"घेतलं की."

"'एक सभासद' म्हणालास."

त्याने आठवून पाहिलं. खरंच होतं. निळीचं नाव घेतलं, पाल्याचं घेतलं, बंगल्याचं घेतलं; माणसाचं तेवढं राहिलं. इतरांना तरी ते आठवतंय का, बघायला त्याने पुढच्या खुर्चीवरच्या माणसाच्या खांद्याला हात लावला. "सप्टेंबरात ती बाई होती ना, मी बोललो जिला," त्याने विचारलं, "तिचं नाव काय, आठवतं?"

माणसाने कपाळाला आठ्या घातल्या. "ती कीडवाली? हिरवा कोट?" मग बायकोकडे वळला. "काय गं नाव तिचं?" बायकोलाही सांगता येईना.

समोर पर्सी चहाच्या जुन्या बंबाचा विषय काढत होता. नवा घ्यायचा की दुरुस्त करायचा. क्लिफर्ड पुन्हा उभा राहिला. लोक हसले, मायेने. "बस रे क्लिफ, झालं ना आता," पर्सी म्हणाला.

"झालं नाही," क्लिफर्ड म्हणाला. "त्यांचं नाव नोरा टास्कर. त्यांनी इथे कीड आणली नाही. ती कुंडी माझ्या ताटातली होती, खाली माझं नाव होतं, आणि त्यांना ते माहीत होतं. माझं तोंड पडू नये म्हणून त्या बोलल्या नाहीत. मी त्यांच्याशी तसा बोललो, कारण त्यांनी माझ्याकडे निळी मागितली होती आणि मला ती द्यायची नव्हती. मी त्यांना सगळ्या कुंड्यांत उकळतं पाणी ओतायला सांगितलं. त्यांनी ओतलं. शेवटची निळी त्यांच्याकडे होती, ठणठणीत होती, आणि माझ्या सांगण्यावरून मेली. तुम्ही सगळ्यांनी आपापल्या कुंड्या मागे ओढल्यात ते मी पाहिलं, आणि मला बरं वाटलं होतं. तुम्ही कुणी तेव्हापासून त्यांच्याकडे गेला नाहीत. मीही गेलो तो झाडासाठी."

या वेळी टाळी वाजली नाही. पर्सी हातातल्या कागदाकडे बघत राहिला. मघाशी क्लिफर्डचा हात धरणारी बाई पर्समध्ये काही तरी शोधू लागली. पुढच्या खुर्चीतल्या माणसाने मान समोर वळवली ती परत मागे आणलीच नाही. सभागृह इतकं शांत झालं की बंबातलं पाणी उकळल्याचं ऐकू येत होतं, आणि क्लिफर्डला, आता आपण बसलेलं चालेल की नाही, हे कुणाला विचारावं ते कळेना. म्हणून तो उभाच राहिला.